दोघांची मिरास नको!

वर्षाचे महिने बारा, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. आपल्या देशातील मोबाइल कंपन्यांचे वर्ष मात्र तेरा महिन्यांचे आहे! त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. २८ ला १३ ने गुणले की ३६४ होतात. सबब ज्या गृहस्थाला पगार वर्षातून बारा वेळा मिळतो, त्याने टेलिफोनचे पैसे तेरा वेळा भरावयाचे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०२२ च्या जानेवारीत याची दखल घेतली. तीस दिवसांची निदान एक योजना आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी निदान एक योजना प्रत्येक कंपनीने ठेवलीच पाहिजे, असा दंडक तिने घातला. कंपन्यांनी तो पाळला. तशा योजना यादीत दाखल झाल्या आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना जागच्या जागी राहिला. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अधिक मासाला उद्देशून रूढ केली. तो अधिक मास निदान दोन-तीन वर्षांनी एकदा येत असे. हा दर वर्षी येतो!

हा प्रश्न शे-दोनशे रुपयांचा आहे असे समजून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बोलण्याचे भाव वर्षानुवर्षे घसरत होते, तोवर या तेराव्या महिन्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. भाव चढू लागले तेव्हा तो बोचू लागला. २०१९ च्या डिसेंबरात, २०२१ च्या नोव्हेंबरअखेर आणि २०२४ च्या जुलैत अशी तीन वेळा मोठी दरवाढ झाली आणि तिन्ही वेळा तिन्ही खासगी कंपन्यांची वाढ एकाच आठवड्याच्या आत अमलात आली. कंपन्यांनी आपसात संगनमत केले, असा आरोप आम्ही करीत नाही. त्याला पुरावा लागतो आणि तो आमच्यापाशी नाही. परंतु बाजारपेठेत दुकाने तीन आणि त्यांतले एक आजारी, अशी अवस्था आली म्हणजे संगनमताची आवश्यकताच उरत नाही. एकाने भावाची पाटी बदलली की शेजारचा ती वाचून आपली बदलतो. देशातील मोबाइल ग्राहकांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश ग्राहक आज जिओ आणि एअरटेल या दोनच कंपन्यांकडे आहेत. दूरसंचाराच्या क्षेत्रात दोघांची मिरास प्रस्थापित होऊ पाहत आहे, हे या देशापुढील खरे संकट आहे. तेरावा महिना हे त्याचे केवळ एक लक्षण होय.

मिरास म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगावयास नको. १८८५ च्या तार कायद्याने तार आणि टेलिफोन चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारच्या हाती दिला. इंग्रज गेले, कायदा राहिला. टेलिफोन ही चैनीची वस्तू आहे, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती आणि चैनीची वस्तू मागणाऱ्याने थांबले तर बिघडले कोठे, असा त्यांचा न्याय होता. अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, तोवर पत्त्याखाली शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे ‘पी. पी.’ असे लिहावयाचे आणि निरोप आला की शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात अवघडून उभे राहून चार माणसांदेखत बोलावयाचे, हा मध्यमवर्गाचा रिवाज होता. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसावे लागे. ज्याला घाई, त्याच्यासाठी ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ असे चढत्या दराचे प्रकार होते. यंत्र बिघडले तर लाइनमनची मनधरणी करणे हा एक स्वतंत्र उद्योग होता.

त्या काळाला सरसकट नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान १९६० साली देशातील पहिली एसटीडी सेवा सरू झाली, ती सरकारी अभियंत्यांच्या हातून. १९८४ साली ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या तंत्रज्ञांनी आपल्या धुळीत आणि उन्हाळ्यात टिकणारी ग्रामीण टेलिफोन केंद्रे घडविली आणि गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ केंद्रे उभी राहिली, त्यांनी कितीतरी अपंगांना आणि बेकारांना पोटाचा धंदा दिला. कर्तृत्वाची वाण नव्हती. ज्याला प्रतिस्पर्धी नाही त्याला घाई नसते, हा मनुष्यस्वभाव आडवा येत होता. १९९४ साली सरकारने राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केले तेव्हा त्या दस्तऐवजातच कबुली दिली होती की, देशात टेलिफोनच्या जोडण्या सुमारे ८० लाख असून २५ लाख अर्जदार तिष्ठत आहेत. शंभर माणसांमागे टेलिफोन एकसुद्धा नाही, ते प्रमाण ०.८ आहे. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होत आली होती!

त्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातील पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी बोलणाऱ्याला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडत, आणि ऐकणाऱ्यालाही पैसे द्यावे लागत. असला टेलिफोन गरिबाच्या हाती कधी येईल, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. आज देशातील टेलिफोनच्या जोडण्या १२० कोटींच्या घरात आहेत. ८० लाखांपासून १२० कोटींपर्यंतचा हा प्रवास तीन दशकांत झाला. स्वतंत्र भारतात इतक्या थोड्या काळात इतक्या माणसांच्या हाती पोहोचलेली दुसरी सेवा दाखवून देणे कठीण आहे.

हा चमत्कार केवळ खासगी भांडवलाने घडविला, असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. प्रारंभीच्या चार-पाच वर्षांत खासगी कंपन्या आल्या, तरी टेलिफोन महागच राहिला. कारण परवान्यांसाठी त्यांनी अवाच्या सवा बोली लावल्या होत्या आणि त्या ओझ्याखाली त्या स्वतःच चेपल्या होत्या. चक्र फिरले ते नियम बदलले तेव्हा. १९९७ साली ट्रायची स्थापना झाली. १९९९ च्या नव्या धोरणाने ठोक परवाना शुल्क काढून टाकले आणि उत्पन्नातील हिस्सा सरकारने घ्यावा अशी पद्धत घातली. २००० साली दूरसंचार खाते स्वतःच खेळाडू आणि स्वतःच पंच असण्याचा प्रकार काहीसा थांबला आणि बीएसएनएल ही निराळी कंपनी झाली. २००३ च्या मे महिन्यापासून कॉल घेणाऱ्यास पैसे पडेनासे झाले, आणि त्या एका निर्णयाने सुतार, गवंडी, रिक्षावाला, भाजीवाली यांच्या हाती टेलिफोन आला. कारण मिळकतीचा निरोप फुकट ऐकता येऊ लागला. २००९ साली एका नव्या कंपनीने सेकंदावर आकारणी सुरू केली आणि मिनिटाचे पैसे घेणाऱ्या जुन्यांना तिच्यामागे फरपटत यावे लागले. २०११ च्या जानेवारीपासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क देशभर मिळाला. यातील प्रत्येक पायरीवर स्पर्धा होती हे खरे. पण त्या स्पर्धेला वाट मोकळी करून देणारा नियमही होता. स्पर्धा ही रानात आपोआप उगवणारी वनस्पती नव्हे. ती बागेतील वेल आहे. तिला मांडव लागतो, पाणी लागते आणि वेळच्या वेळी छाटणीही लागते.

ही मशागत पुढे बिघडली. २००८ च्या जानेवारीत १२२ परवाने २००१ च्या भावाने आणि ‘प्रथम येईल त्यास’ या न्यायाने वाटण्यात आले. एकेका परिमंडळात दहा-दहा कंपन्यांची झुंबड उडाली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व परवाने रद्द केले. विशेष न्यायालयाने २०१७ साली खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले. तथापि रद्द झालेले परवाने काही जिवंत झाले नाहीत. त्या प्रकरणाचा धसका घेऊन सरकार दुसऱ्या टोकाला गेले. ज्या लहरींवरून आपले बोलणे वाहते त्या लहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव हे तिजोरी भरण्याचे साधन झाले. २०१० च्या थ्री-जी लिलावातच ६७ हजार कोटींहून अधिक रुपये आले होते. पुढील लिलावांतही कंपन्यांनी कर्ज काढून बोली लावल्या.

अशा कर्जबाजारी बाजारात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ अवतरली. तिने २०१७ च्या मार्चअखेरपर्यंत सर्व काही फुकट दिले आणि त्यानंतरही प्रारंभी बोलण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. ज्या एका जीबी डेटाला पूर्वी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत, तो काही रुपयांवर आला. या क्रांतीने खेड्यापाड्यांतील कोट्यवधी माणसांना इंटरनेट दिले, हे निर्विवाद आहे, आणि ते श्रेय कोणी नाकारू नये. त्या वेळी आपण सर्वांनीच टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या. पण फुकटाच्या पंगतीचे बिल कोणीतरी कधीतरी भरतोच. एअरसेल दिवाळखोरीत गेली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलचा धंदा बंद केला. टेलिनॉर आणि टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली. व्होडाफोन आणि आयडिया यांनी २०१८ साली एकमेकींचा आधार घेतला. तशात २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘उत्पन्ना’ची सरकारने केलेली व्यापक व्याख्या उचलून धरली आणि साऱ्या उद्योगावर सुमारे दीड लाख कोटींचे देणे येऊन पडले. सरकारने २०२१ साली सवलती दिल्या, पण तोवर व्होडाफोन-आयडिया अंथरुणाला खिळली होती. देण्याच्या बदल्यात शेअर घेता घेता २०२५ साली या खासगी कंपनीतील सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या घरात गेला.

यावर उद्योगाची बाजू घेणारे म्हणतील की, मनोरे उभारणे, समुद्राखालून तारा टाकणे, दर दहा वर्षांनी नवे तंत्र आणणे हा हत्तीचा चारा आहे. तो बारा कंपन्यांना परवडणार नाही. शिवाय भारतातील दर जगातील स्वस्त दरांत अजून मोडतात. मग आकांडतांडव कशाला? या युक्तिवादातील पहिला भाग आम्हांस मान्य आहे. बारा कंपन्या असाव्यात असे आमचे म्हणणे नाही. दर कधीच वाढू नयेत असेही आम्ही म्हणत नाही. तोट्यातील धंदा चांगली सेवा देऊ शकत नाही. परंतु वाढलेला भाव आणि लादलेला भाव यांत अंतर आहे. भाव वाढला आणि ग्राहकाला दुसरीकडे जाता आले, तर त्या भावाची परीक्षा होते. ग्राहकाला जावयास जागाच नसेल तर तो भाव राहत नाही. तो कर होतो. आणि कर बसविण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने कोणत्याही कंपनीला दिलेला नाही.

ही जावयास जागा खरोखर आहे काय, याची परीक्षा २०२४ साली झालीच. जुलैची दरवाढ होताच लाखो ग्राहक आपले नंबर घेऊन बीएसएनएलच्या दारी गेले. तो एक प्रकारचा कौलच होता. पण ज्या उमेदवाराला कौल मिळाला त्याची तयारी नव्हती! देशात ४ जी सेवा खासगी कंपनीने कोलकात्यात सुरू केली ती २०१२ साली. बीएसएनएलचे स्वदेशी ४ जी जाळे पंतप्रधानांच्या हस्ते देशाला अर्पण झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या तेरा वर्षांत जगाने ५ जीची पायरी ओलांडली. २०१९, २०२२ आणि २०२३ अशा तीन हप्त्यांत या सरकारी कंपनीसाठी तीन लाख कोटींहून अधिक रुपयांची मदत जाहीर झाली. एवढे द्रव्य ओतूनही, दरवाढीला कंटाळून आलेल्या ग्राहकास पुरेशा वेगाची सेवा ऐन वेळी देता आली नाही आणि आलेल्यांपैकी पुष्कळ जण परत फिरले. तेरा वर्षे ही दिरंगाई कोणामुळे झाली, याचा जाब संसदेत खडसावून विचारला गेला पाहिजे.

आणि हा सारा खटाटोप कोणासाठी? टेलिफोन ही चैन असती तर आम्ही या विषयावर पहिल्या पानाची जागा खर्च केली नसती. आज बँकेचा व्यवहार करावयाचा तर परवलीचा आकडा मोबाइलवर येतो. गॅस सिलिंडरची नोंदणी, विद्यार्थ्याचा अर्ज, शेतकऱ्याची नुकसानभरपाई, कामगाराची हजेरी हे सर्व त्या हातभर अंतरावरच्या यंत्रातून जाते. सरकारने आपली कचेरी नागरिकाच्या खिशात नेऊन ठेवली, ठीक केले. पण त्या कचेरीची किल्ली दोन खासगी दुकानदारांपाशी आहे! रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे कॉलही थांबतात आणि त्या घरापुरते सरकार बंद पडते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला इंटरनेट नको असते. तिला फक्त कामाचा निरोप आणि गावाकडून आईचा आवाज हवा असतो. ट्रायने २०२४ च्या डिसेंबरात अशा ग्राहकांसाठी केवळ बोलणे आणि संदेश यांची योजना ठेवण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी योजना आणल्या. पण त्या ८४ दिवसांच्या किंवा जवळजवळ वर्षभराच्या. जिचे हातावर पोट आहे तिने तीन महिन्यांचे पैसे एकरकमी आणावयाचे कोठून? आदेशाचे अक्षर पाळून त्याचा आत्मा कसा मारावा, याचा हा नमुना आहे. शहरांत शंभर माणसांमागे शंभरांहून अधिक जोडण्या आहेत. खेड्यांत ते प्रमाण अद्याप साठीच्या आसपास घोटाळते. वाढ संपलेली नाही. ती जेथे व्हावयास हवी तेथे महागाईने तिची वाट अडविली आहे.

मग करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. पहिली ही की, बीएसएनएलला रोग्याप्रमाणे सलाइनवर न ठेवता प्रतिस्पर्ध्याप्रमाणे मैदानात उतरवावे. तिच्या संचालकांना निर्णयाची मोकळीक द्यावी, ठरावीक मुदतीत ठरावीक सेवा देण्याचे बंधन घालावे आणि त्याचा हिशोब दर तीन महिन्यांनी लोकांपुढे ठेवावा. दुसरी ही की, व्होडाफोन-आयडियाविषयी सरकारने आपले धोरण एकदा स्पष्ट सांगावे. तेच सरकार धनको, तेच भागीदार, तेच परवाना देणारे आणि तेच बीएसएनएलचे मालक, ही स्थिती न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. कंपनी जगवावयाची असेल तर ती खऱ्या स्पर्धेसाठी जगवावी. केवळ ‘आमच्याकडे तीन खासगी कंपन्या आहेत’ असे जगाला सांगण्यापुरती नव्हे.

तिसरी गोष्ट ट्रायची. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना दिले गेले ते बाजारात चुरस होती म्हणून. दोन कंपन्यांकडे तीनचतुर्थांश ग्राहक एकवटल्यावर ते स्वातंत्र्य बिनशर्त राहता कामा नये. दर वाढविण्यापूर्वी पुरेशी जाहीर पूर्वसूचना आणि कारणांचा जाहीर ताळेबंद मागितला जावा. महिना कॅलेंडरचाच असावा. केवळ बोलण्याची योजना महिन्याच्या मुदतीचीही असावी. चौथी गोष्ट नव्यांना वाट देण्याची. दुसऱ्याचे जाळे भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांना २०१६ पासून परवानगी आहे, पण मोठ्यांनी वाजवी भावाने जाळे दिलेच पाहिजे असे बंधन नसल्याने त्या बाळसे धरू शकलेल्या नाहीत. ते बंधन घाला. उपग्रहावरून इंटरनेट देणारी स्टारलिंक ही कंपनी नवी प्रतिस्पर्धी म्हणून गाजत होती. २०२५ च्या मार्चात तिने एकाच आठवड्यात एअरटेल आणि जिओ या दोघांशीही करार केले. नवे दुकान उघडण्याआधीच त्याचा माल जुन्याच दोन दुकानांतून विकण्याची व्यवस्था झाली! यावरूनही ज्यांचे डोळे उघडत नाहीत, त्यांना काय म्हणावे?

आम्हांला सरकारी मिरास परत नको. तिचे चटके आम्ही पिढ्यान् पिढ्या सोसले आहेत. पण एका मिरासदाराच्या तावडीतून सुटून दोघा मिरासदारांच्या ओसरीवर जाऊन बसावयाचे, यासाठी १९९४ साली दार उघडले नव्हते. ज्या राष्ट्राने तीस वर्षांत ८० लाखांचे १२० कोटी केले, त्याला चार प्रामाणिक प्रतिस्पर्धी मैदानात टिकविता येऊ नयेत, ही नामुष्की होय. वाचकांनीही स्वस्थ बसू नये. आपल्या लोकप्रतिनिधीला एक साधा प्रश्न विचारावा: आमच्या पगाराचे महिने बारा आहेत, मग टेलिफोनचे तेरा का? या एका प्रश्नाचे सरळ उत्तर ज्या दिवशी सरकारला द्यावे लागेल, त्या दिवशी या बाजारातील मिरासदारीचा पाया हादरू लागेल.